शिक्षकांस कोळसा कोण शिकविणार?

ज्या चंद्रपूर जिल्ह्यांत २९२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे आणि ज्याच्या वरोडा गांवीं सरकारनें एकोणिसाव्या शतकांतच कोळसा काढावयास आरंभ केला, तेथील शाळांतही कोळशाचा पाठ बहुधा दोन ओळींच्या व्याख्येंत आटोपतो. याचा दोष आम्ही शिक्षकांस देत नाहीं. ज्यास कोणी शिकविलें नाहीं, त्यानें शिकवावें कसें?

वस्तुतः हा विषय हिशेबाचा आहे, व हिशेब व्यापारी वाचकांस समजावून द्यावयास नको. कोळशावरील एक युनिट विजेस आपल्याकडे सुमारें दोन तृतीयांश किलो कोळसा लागतो. ज्या घरीं महिन्यास अशीं १०० युनिटें खर्चतात, त्या घराच्या खातीं पासष्ट किलोंच्या आसपास कोळसा पडला. आपला कोळसा मूळचाच राखट. तिसरा हिस्सा राख धरली तरी वीस किलोंहून अधिक राख मागें राहिली. आणि धुराड्यांतून गेलेला कर्बवायु तर खुद्द कोळशाहूनही वजनानें भारी! तो कसा, असें एखाद्या मुलानें विचारलें, तर जळत्या कर्बास हवेंतील प्राणवायु येऊन मिळतो, हें शिक्षकास चटकन् सांगतां आलें पाहिजे.

परंतु शिक्षकांस शिकवावें कोणी? अमेरिकेंत स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनें चौथीच्या वर्गांसाठीं ऊर्जेचे पाठ काढले होते. त्यांचा खर्च अमेरिकन कोल फाउंडेशन या कोळसा धंद्याच्या संस्थेनें दिला होता. कोळशाचे गुण गाइले, धुराविषयीं व फोडलेल्या डोंगरांविषयीं मौन धरलें, असा आक्षेप येतांच २०११ सालीं ते पाठ मागें घ्यावे लागले. पक्षकाराची साक्ष अवश्य घ्यावी, पण उलटतपासणीवांचून ती ग्राह्य धरूं नये, हा न्यायालयाचा नियम वर्गांतही लागू पडतो.

उलट, कोळशास नुसत्या शिव्या मोजणारा वर्गही आम्हांस नको. २०२४-२५ सालीं देशांत १०० कोटि टनांहून अधिक कोळसा निघाला. ज्याचा बाप रोज खाणींत उतरतो, त्या मुलासमोर बापाच्या धंद्याची निंदा करून शिक्षक काय साधणार?

चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनीं येत्या सुटींत शिक्षकांस खाण, वीजकेंद्र व राखेचा तलाव प्रत्यक्ष दाखवावा. व्याख्यानास खाणीच्या इंजिनियराबरोबर तलावाशेजारच्या शेतकऱ्यासही बोलवावें. खर्च मात्र शिक्षणखात्यानेंच सोसावा. खाणवाल्यांकडून यासाठीं एक पैही घेऊं नये.