आत्याची कुंची

बारसं म्हटलं की आपल्याकडे आत्याचा मान मोठा. बाळाच्या कानात नाव सांगायचं तिनं, 'कुर्र' म्हणताच पाठीवर धपाटे खायचे तिनं. आमच्या घरात बाळाची कुंचीही आत्यानंच शिवायची. कन्नड घरात तीच 'कुंचिगे' होते आणि टोपडं होतं 'कुलावी'. माझ्या धाकट्या भावाची बायको बागलकोटकडची, त्यामुळे यंदा बाळासाठी दोन्ही शब्द घरात घुमत होते.

आमच्या घरच्या सगळ्या कुंच्या आजवर माझ्या सिकंदराबादच्या आत्यानं शिवल्या. आपली माणसं इतक्या दूर कशी, असं मुलं विचारतात. दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरू झाली. तिचं मुख्यालय सिकंदराबादला आणि हुबळी विभाग तिच्याच अखत्यारीत. सोलापूर विभागही १९७७ पर्यंत तिच्याकडे होता. आत्याचे यजमान रेल्वेत, बदली होऊन तिकडे गेले. २००३ मध्ये हुबळी विभाग नैर्ऋत्य रेल्वेत गेला, पण तोवर आत्याचं घर तिथं झालं होतं आणि मुलं तेलुगू बोलत होती.

आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. फोनवर म्हणाली, "आता आत्या तू. कुंची तू शिवायचीस. सुट्टीत ये, मी जवळ बसते." गुंडी लावण्यापलीकडे मी कधी सुई धरली नव्हती.

गुळेदगुड्डचा खण भावजयीच्या आईनं दिला होता. अस्तराचं मलमल आणि सोनेरी लेस आम्ही सिकंदराबादच्या जनरल बाजारातून घेतली. दुकानात एक गंमत कळली. आपला दोरा कन्नडमध्ये 'दार' आणि तेलुगूत 'दारम्'. कात्री तिकडे 'कत्तरी' आणि 'कत्तेर'. आत्या तिन्ही भाषांत भाव करत होती.

कुंचीचं शिवण सोपं आहे. आयताकृती कापडाची मधोमध उभी घडी घालायची. घडी डोक्यामागे येते, उघडी बाजू चेहऱ्याकडे. वरची कड जोडून टीप मारली की टोपीचा आकार येतो. मानेपाशी धावदोरा घालून चुण्या ओढायच्या आणि तिथं बंद लावायचे. खालचं कापड पाठीवर झुलतं. आत मलमलचं अस्तर, म्हणजे शिवण किंवा जर बाळाला टोचत नाही.

आत्याकडे कागदी माप नाहीच. तिनं देवघरातला सोललेला नारळ आणला. "एवढंच असतं डोकं," म्हणाली. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो आणि पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे दोन सेंटीमीटरनं वाढतो. त्यामुळे नारळाभोवती दोन बोटं ढिलं कापड धरायचं, हा तिचा हिशेब अगदी बरोबर. मी ते सेंटीमीटरमध्ये वहीत उतरवून घेतलं.

चुण्या मात्र वहीत उतरत नाहीत. आत्या डोळे मिटून माझ्या टाक्यांवरून बोट फिरवायची. "इथं दोरा ओढ. इथं सोड." चौथ्या दिवशी तिनं नारळावर कुंची चढवली, बंद बांधले आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी मला असंच शिकवलं. त्या कन्नडमध्ये सांगायच्या, मला निम्मं कळायचं. हाताला सगळं कळलं."

शिवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बंद आखूड ठेवावेत आणि मणी, टिकल्या लावू नयेत, त्या सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. बाळ झोपताना कुंची काढून ठेवावी, नाहीतर कापड नाकातोंडावर येण्याची भीती असते. मिरवायला बारशाचे दोन तास पुरेत.

आपल्या प्रत्येक घरात कुणीतरी आत्या, काकू किंवा अज्जी अशी असते, जिचं माप वितीत आणि बोटांत असतं. तयार कुंची बाजारात मिळते, चांगलीही असते. तरी या दिवाळीच्या सुट्टीत एक खण, थोडं मलमल घेऊन तिच्याजवळ जाऊन बसा. तिचा हात टाका तपासतो आहे तोवरच हे शिकून होईल.