ऑनलाइन लिहून पैसे मिळतात का? मिळतात, पण आधी हा हिशोब बघा

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. 'घरबसल्या लेखन करा, एका पानाचे ३०० रुपये, रोज पेमेंट.' खाली नोंदणी फी १,८५० रुपये आणि क्यूआर कोड. तिचा प्रश्न एवढाच होता, "दादा, भरू का?"

मी लगेच फोन करून नको म्हटलं. पण मग ती म्हणाली, "मग तू कसे कमवलेस?" प्रश्न बरोबर होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात आणि नंतर नोकरी लागेपर्यंत मी पैशासाठी लेख लिहायचो. रूमचं भाडं त्यातूनच निघायचं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय.

सगळ्यात आधी तो क्यूआर कोड. जो काम देतो तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. नोंदणी फी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग किट, नाव काहीही असो, प्रकार तोच. याचा एक जास्त वाईट अवतारही आहे. त्यात सुरुवातीला काही मागत नाहीत. तुम्ही एका ऑनलाइन करारावर सही करता, आठवडाभर टायपिंग करता आणि मग सांगतात की अचूकता कमी भरली, करार मोडला, आता दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू. 'वकिलाची नोटीस' व्हॉट्सअ‍ॅपवर येते. मुलं घाबरून भरतात, घरी सांगत नाहीत. असं झालं तर एक रुपयाही देऊ नका, चॅट डिलीट करू नका आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

खरे प्लॅटफॉर्म कसे चालतात

फायव्हर आणि अपवर्क ही दोन नावं तुम्ही ऐकली असतील. फायव्हर २०१० मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालं. तिथे तुम्ही दुकान मांडता: 'मी ५०० शब्दांचा लेख लिहून देईन, इतके डॉलर', आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं. ओडेस्क आणि ईलान्स या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं नाव अपवर्क झालं. तिथे बहुतेक वेळा उलटं असतं. क्लायंट काम टाकतो आणि तुम्ही अर्ज करता.

दोन्हीकडे खरी सोय एकच, पैसे मध्ये अडकवून ठेवतात. फायव्हरवर गिऱ्हाईक ऑर्डर देतानाच पैसे भरतं. अपवर्कवर ठरावीक रकमेचं काम असेल तर क्लायंटने पैसे आधी जमा करायचे असतात. जमा झालेले दिसत नाहीत तोपर्यंत एक ओळसुद्धा लिहू नका. आणि 'टेलिग्रामवर या, तिथे बोलू' म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. बाहेर गेलात की ही सोय संपली, वर अकाउंट बंद होऊ शकतं ते वेगळं.

आता हिशोब. फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के कापून घेतं. ५ डॉलरचं काम केलं तर हातात ४. डॉलर ८५ रुपये धरला तर ३४० रुपये, त्यातून पैसे बँकेत आणायचा खर्च. नवीन माणसाला ५०० शब्द नीट लिहायला, माहिती शोधण्यासकट, तीन तास सहज लागतात. म्हणजे तासाला ११० रुपयेसुद्धा धड पडत नाहीत. शिवाय तुम्ही काम दिल्यावर गिऱ्हाईक काहीच बोललं नाही तर तीन दिवसांनी ऑर्डर पूर्ण धरतात आणि त्यानंतर नवीन माणसाचे पैसे १४ दिवस अडकून राहतात. १ तारखेला दिलेल्या कामाचे पैसे १८-२० तारखेला. महिन्याच्या भाड्याचं गणित याच्यावर बसवू नका, मी बसवलं होतं आणि रूममेटकडे उसने मागितले होते.

अपवर्कवर खर्च आधी होतो. अर्ज करायला 'कनेक्ट्स' लागतात आणि एक कनेक्ट १५ सेंटला पडतो. एका अर्जाला १० कनेक्ट्स धरले तर दीड डॉलर. वीस अर्जांनंतर एक काम मिळालं, आणि सुरुवातीला असंच होतं, तर ३० डॉलर म्हणजे अडीच हजार रुपये अर्जांतच गेले. म्हणून शंभर ठिकाणी तोच कॉपी-पेस्ट अर्ज टाकण्यापेक्षा पाचच कामं निवडा, क्लायंटने आधी कोणाला किती पैसे दिलेत ते त्याच्या प्रोफाइलवर बघा, आणि पहिल्या दोन ओळींत त्याच्या कामाबद्दल बोला. 'डिअर सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग' हे कोणी वाचत नाही.

एआय आल्यावर काय राहिलं?

खरं सांगायचं तर मी जे करायचो ते आता जवळपास संपलंय. 'घरी वजन कमी करण्याचे दहा उपाय' छापाचे लेख मी पैशांत मोजून लिहिले, शब्दाला २० पैसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि असे लेख फुकट व्हायला लागले.

उरलं ते जिथे माणसाला काहीतरी माहीत असावं लागतं. शेतीची औषधं, नर्सिंग, अकाउंटिंग, गाड्यांची दुरुस्ती, यातलं तुम्हाला खरोखर कळत असेल तर ते विकलं जातं. दुसरं म्हणजे मराठी. अ‍ॅपमधल्या बटणांपासून व्हिडिओच्या सबटायटल्सपर्यंत मराठी लागतं आणि मशीनचं मराठी तुम्ही रोज बघताच. पण त्यासाठी युनिकोडमध्ये टायपिंग यायला हवं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं काम दुसऱ्याच्या मशीनवर चिन्हांचा कचरा दिसतो. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा, तिथेच तुम्ही मशीनपेक्षा वेगळे ठरता.

एक अनुभव. मागच्या वर्षी हौस म्हणून एक छोटं काम घेतलं. क्लायंट म्हणाला, डिटेक्टर सांगतोय हे एआयने लिहिलंय, पैसे देणार नाही. हे डिटेक्टर फक्त अंदाज लावतात आणि माणसाच्या लिखाणालाही एआय म्हणतात. सुदैवाने मी गूगल डॉक्समध्ये लिहिलं होतं. व्हर्जन हिस्टरीत दोन दिवसांची खाडाखोड दिसत होती, ती दाखवली आणि पैसे सुटले. तेव्हापासून बाहेरून आणून पेस्ट करत नाही, तिथेच लिहितो.

फोनवर होतं का हे सगळं? अर्ज, चॅट, छोटं भाषांतर, हो. हजार शब्दांचा लेख मात्र अंगठ्याने लिहून बघा, मान दुखेल. ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून साधा यूएसबी कीबोर्ड फोनला जोडता येतो, मी तिला तेच करायला सांगितलं.

टॅक्सबद्दल थोडक्यात: ही कमाई पगार नाही, व्यवसायाचं उत्पन्न आहे, त्यामुळे आयटीआर-१ चालत नाही. पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये तारीख, रक्कम, कपात लिहून ठेवा.

मावसबहीण बी.ए. झाली आहे, मराठी चांगलं आहे. तिने फायव्हरवर इंग्रजी-मराठी सबटायटल्सचं दुकान मांडलं. नमुना म्हणून स्वतःच एका स्वयंपाकाच्या व्हिडिओची सबटायटल्स करून लावली. पहिली ऑर्डर पाच आठवड्यांनी आली, १० डॉलरची. परवा विचारलं तर म्हणाली, "दादा, आठ डॉलर दिसतायत, पण पेंडिंग. अजून अकरा दिवस."