पट हरवलेल्या सोंगट्या

जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या माणसाला घरचे लोक जरासे वेडाच समजतात. अमेरिकेतल्या नोकरीतून निवृत्त झालो आणि इथल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संग्रहासाठी जुनी व्हिडिओ-गेमची यंत्रे शोधू लागलो, तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, “भंगारच गोळा करायचे होते, तर पुणे काय वाईट होते?”

माझा मुख्य शोध होता ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’चा. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेले हे घरी खेळण्याचे पहिले व्हिडिओ-गेम यंत्र. ते १९७२ साली बाजारात आले. आपल्या मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाला, तोही त्याच साली! बेअरचा मूळ नमुना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आम्हांला हवे होते ते कुणाच्या तरी घरी खेळले गेलेले यंत्र.

यंत्र मोठे गमतीचे. पडद्यावर दिसणार ते तीन पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. आवाज नाही, रंग नाही. खेळाचे मैदान छापलेले असे पारदर्शक प्लॅस्टिकच्या रंगीत तावावर. तो ताव टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. जोडीला फासे, पत्ते अन् खोट्या नोटा. त्यामुळे नुसते यंत्र मिळून भागत नाही. ताव गेले, की पट हरवावा आणि सोंगट्या तेवढ्या उराव्यात, तशी गत!

दोन वर्षे हिंडलो. कुठे आतले सेल पाझरून तारा गंजलेल्या, कुठे ताव केरात गेलेले. अखेर गेल्या उन्हाळ्यात एका वृद्ध बाईंचा फोन आला. त्यांच्या माळ्यावरची पेटी उघडली आणि माझे हात थरथरले. यंत्र, खेळांची कार्डे, ताव, फासे, नोटा, सारे शाबूत!

तळाशी वहीचा एक कागद होता. हे यंत्र गुण मोजत नसे. खेळणाऱ्यांनीच ते लिहून ठेवायचे. कागदावर पेन्सिलीने दोन रकाने आखले होते: एक ‘डॅडी’चा, दुसरा ‘माझा’. दुसऱ्या रकान्यात एके ठिकाणी खाडाखोड करून गुण वाढवलेले. बाई हसल्या, मग गप्प झाल्या. तो मुलगा आता या जगात नव्हता.

संग्रहाच्या दृष्टीने तो कागद म्हणजे रत्नच. मागितला असता, तर बाईंनी दिलाही असता. मी तो जपून घडी केला आणि त्यांच्या हातात ठेवला.

आज वाचनालयात ओडिसी मांडलेले आहे. मुले येतात, तीन ठिपके पाहून हसतात आणि विचारतात, “पण यात गुण कुठे दिसतात?”

मी त्यांच्यापुढे एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवतो.