उस्मानी अभिजात संगीताचे छापील स्वरलेख : शोध व पारख

उस्मानी तुर्कांच्या अभिजात संगीताचे छापील संग्रह मिळविण्याची इच्छा कोणास झाल्यास त्यास प्रथमच एक अडचण जाणवते. ज्या संगीताची परंपरा कित्येक शतकांची, त्याचे छापील स्वरलेख मात्र बहुतेक सारे गेल्या दोनशें वर्षांतले आहेत. ह्याचें कारण त्या संगीताच्या शिक्षणपद्धतींत आहे. गुरूनें गावें, शिष्यानें हातानें ताल धरून तें कंठस्थ करावें, ह्या रीतीस तुर्की भाषेंत ‘मश्क’ म्हणत. लेखनाची गरज गायकांस फारशी वाटलीच नाहीं. म्हणून छापील संग्रह हातीं आला असतां ती चीज कोणाच्या कंठांतून कागदावर उतरली, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो.

स्वरलेखनाचे जुने प्रयत्न नव्हतेच असें नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यास, जन्मानें पोलिश असलेल्या व सुलतानाच्या वाड्यांत चाकरीस राहिलेल्या अली उफ्की ह्यानें युरोपीय पांच रेघांची लिपि उजवीकडून डावीकडे लिहून मोठा संग्रह केला. ही पोथी लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत असून तिची छायाप्रत शुक्रू एल्चिन ह्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली. पुढें इ. स. १७०० च्या सुमारास मोल्डेव्हियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमीर ह्यानें अक्षरांची स्वतंत्र स्वरलिपि योजून सुमारें साडेतीनशें वाद्यरचना टिपल्या. त्यांची चिकित्सक आवृत्ति ओवेन राइट ह्यांनीं काढली. तिचा मूळ स्वरलेखांचा भाग १९९२ त व विवेचनाचा भाग २००० त निघाला. तिसरी लिपि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हांपार्सुम लिमोंजियान (१७६८–१८३९) ह्या आर्मेनियन संगीतज्ञाची. ती सोपी असल्यामुळें वादकांत फार पसरली व तिच्यांत लिहिलेल्या वह्या पुष्कळ उरल्या आहेत. परंतु त्यांपैकीं कांहीं वह्यांत स्वरांचें कालमान पुरतें दाखविलेलें नसतें, हें ध्यानांत ठेवावें.

छापील संग्रहांचा शोध करणारा बहुधा अरबी लिपींतील ग्रंथच चाळतो, आणि तेथेंच फसतो. अगदीं आरंभींच्या छापील संग्रहांपैकीं एक, ‘युतेर्पी’, इस्तंबुलांत १८३० सालीं निघाला. तो ग्रीक लोकांचा. त्याची स्वरलिपि ग्रीक चर्चमध्यें १८१४ त सुधारलेली, व तुर्की गीतांचे शब्दही ग्रीक अक्षरांत. ‘पांदोरा’ हा त्याच जातीचा संग्रह १८४३ व १८४६ सालीं निघाला. उलट अरबी लिपींतील ‘हाशिम बे मजमुआ’, ज्याची दुसरी आवृत्ति १८६४ ची, त्यांत गीतांचे शब्द आहेत, स्वर नाहींत. यादींत ‘मजमुआ’ हा शब्द दिसला म्हणून स्वरलेख मिळाले असें समजूं नये. तथापि असे शब्दसंग्रह निरुपयोगी नव्हेत. निनांवी सुट्या तावावरील चीज ओळखण्यास त्यांचाच आधार लागतो.

युरोपीय स्वरलिपि दरबारी बँडमध्यें १८२८ त आलेल्या जुझेप्पे दोनिझेत्ती ह्यानें रुळविली. तिच्यांत तुर्की चिजा छापून विकण्याचा उद्योग हाजी एमिन एफेंदी (१८४५–१९०७) ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चालविला. पुढें शामली इस्कंदर व शामली सेलीम ह्या प्रकाशकांचे ताव घरोघर गेले. अनेक ग्राहक असे ताव एकत्र बांधून घेत. म्हणून ग्रंथालयाच्या यादींत एकच नोंद असली तरी आंत निरनिराळ्या वर्षांचे ताव असूं शकतात. ह्या तावांत स्वर डावीकडून उजवीकडे जातात, परंतु शब्द अरबी लिपींतले. म्हणून शब्दाचीं अक्षरें तोडून एकेका स्वराखालीं मांडलेलीं असतात. नवख्यास तो मजकूर निरर्थक भासतो.

सनाविषयीं विशेष सावध राहावें. शुहूर, फसली व हिजरी सनांचे घोटाळे आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहेतच. तोच प्रकार येथें आहे. १३२५ हा आंकडा हिजरी असेल तर १९०७–०८, आणि ‘रूमी’ म्हणजे सरकारी सौर सन असेल तर १९०९–१०. १९२६ च्या आरंभापासून तुर्कस्थानांत इसवी सन चालू झाला, व १९२८ च्या नोव्हेंबरांत लॅटिन लिपीचा कायदा झाला. तेव्हां लिपि व सन ह्यांवरूनच तावाचा काळ बराचसा ठरतो.

सर्वांत विश्वासार्ह म्हणून ज्याची गणना होते तो संग्रह इस्तंबुलच्या ‘दारुलअल्हान’ ह्या संगीतशाळेचा. ह्या संस्थेस पुढें इस्तंबुल कॉन्झर्व्हेटरी हें नांव मिळालें. म्हणून दोन्ही नांवांखालीं शोधावें. १९२५ च्या अखेरीस दरवेशांचे मठ कायद्यानें बंद झाले, व १९२६ त ह्या शाळेंतील तुर्की संगीताचें शिक्षणही थांबलें. राहिली ती जुन्या चिजा टिपणारी मंडळी. तींत रऊफ येक्ता व अहमद इरसोय हे होते. अहमद हे झेकाई देदे (१८२५–१८९७) ह्यांचे पुत्र, आणि झेकाई हे इस्माईल देदे एफेंदी (१७७८–१८४६) ह्यांचे शिष्य. म्हणजे कंठ ते कागद हें अंतर येथें दोनच पिढ्यांचें आहे. मेव्हलेवी दरवेशांचे ‘आयीन’ ह्याच संस्थेनें १९३४ पासून छापले. मठ बंद झाल्यावर ते टिकण्यास हे छापील भाग मोठे कारण झाले. आपल्याकडे पं. भातखंडे ह्यांनीं घराण्यांच्या चिजा पुस्तकांत आणण्याचें जें कार्य केलें, तें साधारण ह्याच काळचें.

चीज शोधतांना मकाम, उसूल म्हणजे ताल, रचनाप्रकार, रचनाकार व गीताचे पहिले शब्द हीं पांच कलमें टिपून ठेवावीं. पेश्रेव, कार, बेस्ते, आगिर सेमाई, युरुक सेमाई, साझ सेमाई हे रचनाप्रकार होत. एकाच मकामांतील अशा चिजा क्रमानें गाण्यास ‘फासिल’ म्हणतात व पुष्कळ संग्रह त्याच क्रमानें रचलेले आहेत. केवळ रचनाकाराच्या नांवावर विसंबूं नये.

छापील पाठ मिळाला तरी दुसऱ्या पाठाशीं तो ताडून पाहावा. एकाच बेस्तेचे दोन गुरुपरंपरांतील पाठ भिन्न असतात, व चढ्या-उतरत्या श्रुतींच्या चिन्हांचे अर्थही ग्रंथागणिक बदलतात. ह्या कामीं जर्मनींतील म्युन्स्टर विद्यापीठानें २०१५ पासून चालविलेली ‘कॉर्पुस म्युझिके ऑटोमानिके’ ही योजना उपयोगी आहे. तींत हांपार्सुम लिपींतील हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्या निघतात. संग्राहकानें आपल्याजवळील बांधीव खंड सुटे करून विकूं नयेत, एवढेंच सुचवावेंसें वाटतें. कोणते ताव एकत्र बांधले गेले, ह्यावरून ते गाणाऱ्या घराची आवड व काळ कळतो. खंड एकदां उसवला कीं तो पुरावा पुन्हां जुळत नाहीं.