संगणकाची स्मृती : स्वामित्व आणि विश्वासार्हता

हस्तलिखितांची नोंद व जतन यांसाठी भारत सरकारने 2003 साली दिल्लीत राष्ट्रीय पांडुलिपी अभियान सुरू केले. त्यानंतर असंख्य पोथ्यांच्या प्रतिमा संगणकाच्या स्वाधीन झाल्या. तेव्हा ही यांत्रिक स्मृती कितपत भरवशाची, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकासही टाळता येणार नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. कडीतील चुंबकत्वाची दिशा म्हणजे शून्य किंवा एक. वीज गेली तरी ही दिशा टिकत असे. मात्र वाचताना ती पुसली जाई. वाचलेले लगेच पुन्हा लिहावे, ही युक्ती आन वांग यांनी सुचविली व 1949 साली पेटंटसाठी अर्ज केला. असंख्य कड्यांच्या जाळ्यातून नेमकी एकच कडी निवडण्याची रीत जे फॉरेस्टर यांनी सिद्ध केली. त्यांचा अर्ज 1951 सालचा. आर.सी.ए. कंपनीचे यान राइखमन यांचाही याच क्षेत्रात दावा होता. वांग यांचे पेटंट आय.बी.एम.ने 1956 साली पाच लाख डॉलरला विकत घेतले. फॉरेस्टर यांच्या पेटंटाबाबत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला 1964 साली एक कोटी तीस लाख डॉलर दिले.

इतके होऊनही कड्यांचे राज्य फार काळ टिकले नाही. 1968 साली रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या स्मृतिपेशीचे पेटंट मिळाले. ही पेशी स्वस्त आणि सूक्ष्म, परंतु तिच्यातील विद्युत्भार झिरपून जातो. म्हणून काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने तो पुन्हा भरावा लागतो. शिवाय स्मृतिपेशींच्या वेष्टनातील अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणारे अल्फा कणही शून्याचा एक करू शकतात, हे 1978 साली टिमथी मे व मरे वूड्स यांनी दाखविले. अशा चुकांवरील उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 सालीच मांडला होता : मूळ अंकांसोबत पडताळ्याचे काही अंक ठेवावेत, म्हणजे एखादा अंक बिघडला तरी तो ओळखून दुरुस्त करता येतो.

याचा अर्थ असा, की चुंबकीय कडी असो वा विद्युत्पेशी, कोणतेही द्रव्य स्वभावतः विश्वासार्ह नसते. पुन्हा लिहिणे आणि पडताळणे यांतूनच भरवसा निर्माण होतो. मराठीच्या अभ्यासकास हे नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लेखकांच्या हातून पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावले.

पेटंट पहिला कोण हे ठरविते, तेही ठरावीक मुदतीपुरते. त्या मुदतीनंतर पाठ शाबूत आहे की नाही, याचा निर्णय त्यात नसतो. पोथीची प्रतिमा घेतली म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या संस्थेने म्हणूनच तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : प्रती किती ठिकाणी आहेत, त्या एकमेकींशी कधी ताडून पाहिल्या, आणि मूळ पोथी अद्याप सुरक्षित आहे काय?