लाल जाड वायरीचं काय करायचं?

पावसाळ्यात जुनी पद्मिनी मिसिंग मारू लागली की मालक आधी प्लग बदलतो. प्लग नवे, दुखणं तेच. दोष बरेचदा डिस्ट्रिब्युटरपासून प्लगपर्यंत गेलेल्या वायरींत असतो. सिलिंडरातल्या दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. वायरीचं रबर तडकलेलं आणि वर ओल असली, की करंटला शेजारच्या लोखंडात उडी मारणं जास्त सोपं जातं. कुर्ल्यात, म्हणजे जिथे ही गाडी बनायची तिथल्याच एका गॅरेजात, मिस्त्रींनी हे अंधार पडल्यावर दाखवलं. बॉनेट उघडं, इंजिन चालू, वायरींवर पाण्याचा बारीक फवारा. लगेच दोन जागी निळं काहीतरी चमकलं. ‘‘हात नका लावू साहेब, लांबूनच बघा.’’

पद्मिनीच्या टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आता या गाड्या उरल्यात त्या हौशी मालकांकडे, आणि हौशी मालकाला लाल, जाडजूड वायर हवी असते. जाडीने ठिणगी मोठी होत नाही. प्लगच्या फटीला लागतो तेवढाच व्होल्टेज चढतो. मिस्त्रींचा पहिला प्रश्न वेगळाच होता : ‘‘गाडीत रेडिओ ऐकता का?’’ आत नुसती तांब्याची तार असली तर करंट छान जातो, पण रेडिओत खरखर येते. कार्बनचा गाभा ती खरखर दाबतो. मात्र तो आतल्या आत तुटतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून दुकानातच मीटर लावायचा. वायर लांब तितका रोध जास्त, हे ठीक. पण आखूड वायर लांब वायरीपेक्षा जास्त आकडा दाखवू लागली तर ती परत करायची. वरचं आवरण सिलिकॉनचं असावं. साधं रबर इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकतं.

बसवताना सगळ्या वायरी एकदम उपटायच्या नाहीत. एक काढायची, तिच्याच मापाची नवी लावायची, मग दुसरी. म्हणजे १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर, सिलिंडर पेटण्याचा क्रम, चुकत नाही. ओढायचं ते वायरीच्या टोकाचं रबरी बूट धरून, जरा पिळून. नवं बूट ‘टक’ वाजेपर्यंत दाबायचं.

खरी मेख पुढे आहे. तीन आणि चार नंबरचे सिलिंडर शेजारी आहेत आणि पेटतातही एकापाठोपाठ. त्यांच्या वायरी लांबवर चिकटून धावल्या तर तीनच्या करंटने चारच्या वायरीतही करंट उठू शकतो. चारमध्ये तेव्हा ताजं मिश्रण भरलेलं असतं; तिथे अवेळी ठिणगी पडली की इंजिन ठोकायला लागतं. दोन आणि एकचीही तीच गत. म्हणून मिस्त्री या जोड्या मुद्दाम फाकवून ठेवतात, कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात.

दिसायला हे अस्ताव्यस्त दिसतं. मालक घरी जाऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने चारही वायरी नीटनेटक्या बांधतात, आणि गाडी पुन्हा गॅरेजात येते. पट्टी कापायचे मिस्त्री पैसे घेत नाहीत; बोलतात मात्र भरपूर.