देठ कधी सुटतो?

आंबा पाडाला लागलाय हे कोकणातल्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. पण सफरचंद? ते झाडावर तयार झालं हे ओळखायचं कसं? मला हे शिकवलं माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं, तेही पार अमेरिकेत.

ती राहते मॅसॅच्युसेट्स राज्यात. तिथे सप्टेंबर उजाडला की सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन सफरचंदाच्या बागा गाठतात. दारात पैसे भरायचे, रिकामी पिशवी घ्यायची आणि आपल्या हातानं फळं काढायची! आम्ही गेलो होतो बॉस्टनच्या पश्चिमेला, स्टो नावाच्या गावी. घरी घट बसले होते आणि इकडे मेपलची पानं शेंड्याकडून लाल व्हायला लागली होती.

मला वाटलं होतं, उंच झाडं असतील, शिडी लागेल, झेला लागेल. छे! काही झाडांची फळं तर भाचीच्या कमरेशी लोंबत होती. मी एक लालबुंद सफरचंद धरलं आणि ओढलं. फांदी वाकली, हिसका बसला आणि फळाबरोबर दोन पानं आणि एक आखूड, सुरकुतलेली काडीही हातात आली.

“मावशी, ओढायचं नाही गं! पुढच्या वर्षीची सफरचंदं तोडलीस तू!”

खरंच होतं तिचं. त्या बोटभर काडीच्या टोकाला एक फुगीर कळी होती. सप्टेंबरातच! पुढच्या वसंतातला बहर तिच्यात आत्ताच तयार होऊन बसलेला होता. अशी एकेक काडी वर्षानुवर्षं फळं देते. मला फार वाईट वाटलं.

मग तिनं रीत दाखवली. फळाखाली तळहात धरायचा, फळ वर उचलायचं, जरासं पिरगाळायचं. टक्! देठासकट सफरचंद हातात, आणि फांदी हललीसुद्धा नाही.

का बरं? फळ पिकत आलं की त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो. अढीतले आंबे एकमेकांच्या संगतीनं पिकतात ना, तोच हा वायू. देठ जिथे काडीला जोडलेला असतो, तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. पेशींना पेशी चिकटलेल्या असतात त्या पेक्टिननं, म्हणजे जॅम घट्ट होतो त्याच पदार्थानं. इथिलीनचा निरोप पोचला की हा डिंक विरघळायला लागतो. म्हणजे झाड स्वतःच फळाचा हात सोडत असतं! उचलून पिरगाळल्यावरही देठ सुटला नाही, तर समजायचं, अजून वेळ आहे.

रंगावर मात्र भरवसा नको. लाल रंग चढतो तो उन्हामुळे आणि गार रात्रींमुळे. एका सफरचंदावर मला चक्क पान दिसलं. गालावर हिरवट-पिवळं, टोकदार, कडेला दाते असलेलं. बोटानं पुसायला गेले तर पुसेना. ती होती सावली! एक पान फळाला चिकटून राहिलं होतं, तेवढ्या जागी ऊन पोचलं नाही आणि पानाचा ठसा उमटला. ते सफरचंद खायला कुणाचं मन होईना.

दुसरं एक आडवं कापलं. तुम्हीही घरी कापून बघा, उभं नाही, आडवं. मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी! प्रत्येक पाकळीत बिया. आमच्या तपकिरी होत्या, म्हणजे फळ तयार होतं. कच्च्या फळात त्या पांढुरक्या असतात.

आणि आता खरी गंमत. ही सफरचंदं मॅकिंटॉश जातीची होती. पण त्यांची बी पेरली तर मॅकिंटॉश उगवत नाही! मधमाशी बहुधा दुसऱ्याच जातीच्या झाडावरचे पराग घेऊन आलेली असते, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवीनच भेळ. मग तेच फळ पुन्हा मिळवायचं कसं? आपण हापूसचं करतो तसंच. कलम! कॅनडातल्या ऑन्टारियोत जॉन मॅकिंटॉश या शेतकऱ्याला १८११ साली रानात उगवलेली काही रोपं सापडली. त्यांतल्या एका झाडाच्या काड्यांवरून कलमं झाली, त्या कलमांवरून आणखी कलमं. मूळ झाड कधीच पडलं, पण आमच्या पिशवीतली फळं त्याच झाडाच्या फांद्यांवरची, असंच म्हणायला हवं. झाडं ठेंगणी का, तेही कळलं. खाली खुंट बुटक्या जातीचा, वर काडी मॅकिंटॉशची.

आपल्याकडे येणारी हिमाचलची डेलिशस सफरचंदंही अशीच. मूळ झाड अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका शेतात उगवलेलं. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची रोपं सिमल्याजवळ कोटगढला आणून लावली.

भाचीनं त्या कापलेल्या सफरचंदाच्या बिया ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्यात. हिवाळा सोसल्याशिवाय त्या रुजत नाहीत, म्हणून हा घरगुती हिवाळा. फळ धरायला सहा ते दहा वर्षं लागतील, आणि जे येईल ते आजवर जगात कुणीच चाखलेलं नसेल. त्याचं नाव काय ठेवायचं, यावर तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं आत्ताच भांडण सुरू आहे.